विश्वासाने सांगितलेली गोष्ट

विद्यापीठात शिकणाऱ्या एखाद्या मुलीवर अत्याचार होतो, तेव्हा ती गोष्ट प्रथम ज्याच्या कानी पडते तो मनुष्य बहुधा न्यायाधीश नसतो, फौजदार नसतो, आणि ज्या समितीची पाटी कुलसचिवांच्या कचेरीबाहेर लावलेली असते तिचा सभासदही नसतो. तो वसतिगृहाचा रेक्टर असतो, ग्रंथालयातील कारकून असतो, प्रयोगशाळेतील परिचर असतो, किंवा हजेरी इतकी कमी का भरली असे विचारण्यासाठी जिने मुलीला बोलावून घेतले आहे अशी एखादी प्राध्यापिका असते. आणि त्या पहिल्या घटकाभरात हा मनुष्य काय बोलतो, काय विचारतो, आणि मुख्य म्हणजे काय विचारायचे टाळतो, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून राहते. कायद्याचा इतिहास लिहिणारांनी निवाड्यांचा आणि अधिनियमांचा क्रम लावून ठेवलेला आहे. परंतु या पहिल्या ऐकण्यालाही आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे, आणि तो बव्हंशी शिक्षकांचा इतिहास आहे, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

१८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीच १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून सर्वत्र येते. पण या दोन कार्यांमधला संबंध सांगायचा राहून जातो. उच्चवर्णीयांच्या घरांत बालपणीच विधवा झालेल्या मुली घरातल्याच किंवा घरी येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांच्या वासनेला बळी पडत. दिवस गेले की त्यांच्यापुढे विहीर, जहाल औषध किंवा अर्भकाची हत्या एवढेच मार्ग उरत. आणि हत्या उघडकीस आली म्हणजे खुनाच्या आरोपाखाली कोर्टापुढे उभी राहायची ती मुलगीच, ज्याने तिला त्या दशेस नेले त्याचे नाव फिर्यादीच्या कागदांत यायचे कारणच नसे. फुले दांपत्याने स्वतःच्या घरात जागा केली, आणि विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व निर्धास्तपणे बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे अगर येथेच ठेवावे, जशी त्यांची मर्जी, अशा आशयाच्या जाहिराती शहरात भिंतींवर लावल्या. ज्यांनी अक्षरे शिकविण्यासाठी मुलींना घराबाहेर काढले, त्यांना त्या मुलींच्या घरात काय चालते हे दिसू लागले, आणि एकदा दिसल्यावर शाळेच्या भिंतीपाशी आपले कर्तव्य संपते असे त्यांनी मानले नाही, हाच तो संबंध. त्या जाहिरातीची रचना मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. तीत मुलीकडून काही मागितलेले नाही: पुरुषाचे नाव नाही, प्रसंगाची कैफियत नाही, पश्चात्तापाची कबुली नाही. प्रथम गुप्ततेची हमी आहे, मग सुरक्षिततेची, आणि शेवटचा निर्णय तिचा तिने घ्यायचा आहे. आजच्या विद्यापीठीय नियमांत जे तत्त्व अनेक कलमांत विखुरलेले आढळते, ते पेठेतल्या भिंतीवरच्या त्या कागदावर दोनतीन ओळींत मावले होते. १८७४ साली अशाच एका विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला; तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. सदन ही शाळा होती आणि घरही होते, त्यामुळे शिकविणारी बाई आणि आसरा देणारी बाई तेथे एकच होती. सदनातील मुलींच्या धर्मांतरावरून उठलेल्या वादात १८९३ साली पुष्कळ पालकांनी आपल्या मुली तेथून काढून नेल्या आणि पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींनी सदनाशी असलेला संबंध तोडला. तेव्हा लोकांचा विश्वास गेला म्हणजे संस्थेला काय किंमत मोजावी लागते, हे रमाबाईंहून अधिक कोणाला ठाऊक असणार? तरीही १८९७ मध्ये, पुण्यात प्लेगचा कहर चालू असता आणि प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडसाहेबाची दहशत घरोघर पसरली असता, सदनातील एका मुलीची प्लेगच्या सरकारी इस्पितळात नेल्यानंतर काय दशा झाली, असा जाब या बाईने ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून सरकारला जाहीरपणे विचारला, आणि तेथे तरुण स्त्रियांच्या अब्रूच्या रक्षणाची तजवीज नाही असा आरोप केला. सरकारने तो आरोप नाकारला. परंतु आपल्या संस्थेतील मुलगी नाहीशी झाली ही गोष्ट संस्थेला कमीपणा आणणारी म्हणून झाकून ठेवण्याची बुद्धी रमाबाईंना झाली नाही. ती आपली विद्यार्थिनी आहे आणि तिच्याबद्दल विचारण्याचा अधिकार आपला आहे, एवढाच त्यांचा विचार होता. दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या स्त्रियांसाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले, आणि ज्यांच्यावर अत्याचार झाले होते, ज्यांना इतर आश्रम दारात उभे करीत नसत, त्यांच्यासाठी तेथेच कृपा सदन निघाले.

प्लेगच्या त्याच १८९७ साली त्याच पुण्यातील एका प्राध्यापकाच्या आयुष्यात जो प्रसंग आला, तो या विषयाचा विचार करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने नीट अभ्यासावा अशा योग्यतेचा आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातील गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. पुण्याहून त्यांना पत्रांमागून पत्रे येत होती, आणि त्यांत प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांपैकी एकीने जीव दिला, असे लिहिलेले होते. पत्रे लिहिणारी माणसे विश्वासू, मजकूर अंगावर काटा आणणारा, आणि विलायतेतील लोकमत जागे करण्याची संधी समोर. गोखल्यांनी तो मजकूर ‘मँचेस्टर गार्डियन’मधून प्रसिद्ध होऊ दिला. पार्लमेंटात गदारोळ झाला, मुंबई सरकारने पुरावा मागितला, आणि गोखले परत आल्यावर असे आढळले की ज्यांनी पत्रे लिहिली त्यांच्यापैकी कोणीही आपले नाव जाहीर करून पुढे येण्यास राजी नाही. तेव्हा एकतिशीच्या या प्राध्यापकाने बिनशर्त क्षमा मागितली, आणि त्याबद्दल स्वकीयांचे शिव्याशाप कैक वर्षे सोसले. या माफीपत्राची चर्चा आजवर राजकारणाच्या अंगाने झाली आहे: जहालांनी तीत भीरुता पाहिली, मवाळांनी सत्यनिष्ठा पाहिली. मला मात्र त्या प्रकरणात एक वेगळीच उणीव जाणवते. ज्या दोन स्त्रियांविषयी हा वाद पेटला त्यांचा स्वतःचा एक शब्दही त्यात कोठे नाही. पत्र लिहिणाराने त्यांना विचारले होते काय, ही गोष्ट साता समुद्रापलीकडे कळविलेली त्यांना चालणार होती काय, असा प्रश्न आरोप करणारांनी केला नाही आणि पुरावा मागणारांनीही केला नाही. राष्ट्राची अब्रू आणि सरकारची अब्रू यांचा झगडा झाला. गोखल्यांचा हेतू निर्मळ होता याविषयी मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच या प्रसंगाचे महत्त्व अधिक. हेतू निर्मळ असलेला, कळवळ्याचा, उच्चशिक्षित शिक्षकदेखील ऐकीव गोष्ट पुढे नेताना जिची ती गोष्ट आहे तिला मागे टाकून जाऊ शकतो.

पुढची साठसत्तर वर्षे या दृष्टीने झपाट्याने ओलांडली तरी चालतील. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला होताच, १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले, मुली हजारोंनी महाविद्यालयांत आल्या. आपल्याकडील शिक्षणसंस्था सरकारी खजिन्यावर नव्हे तर लोकांच्या वर्गणीवर, देणग्यांवर आणि आजीव सेवकांच्या अल्प वेतनावर उभ्या राहिल्या, याचा आपण यथार्थ अभिमान बाळगतो. परंतु त्यामुळेच ‘संस्थेचे नाव’ ही एक पवित्र वस्तू होऊन बसली, आणि काही विपरीत घडले की ‘बाहेर वाच्यता नको’, ‘मुलीच्याच लग्नाला अडचण येईल’, ‘आपसात मिटवून टाका’ ही वाक्ये जबाबदार माणसांच्या तोंडी सहज येऊ लागली. दुसरा शिरस्ता पडला तो वसतिगृहाच्या फाटकाचा. मुलींना सुरक्षित ठेवायचे म्हणजे संध्याकाळी लवकर आत घ्यायचे, भेटीस येणाराची नोंद करायची, पालकांची चिठ्ठी मागायची, असा समज रूढ झाला. आणि त्याचा परिणाम असा की जिच्यावर बाहेर अत्याचार झाला ती मुलगी रेक्टरबाईंकडे जायला सर्वांत अधिक भिऊ लागली, कारण तिला प्रथम ‘इतक्या उशिरा तू तेथे काय करीत होतीस?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागणार होते.

हे सारे ढवळून निघाले ते १९७० नंतरच्या दशकात. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ साली स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या राष्ट्रीय समितीने आपला अहवाल सरकारला सादर केला. त्या समितीवर लतिका सरकार या दिल्ली विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापिका होत्या, आणि त्यांचे नाव पाचच वर्षांनी पुन्हा एका कागदाखाली यावयाचे होते.

१९७२ च्या मार्च महिन्यात, त्या वेळच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी आपल्या माणसांसह रात्री आली. भावाने दिलेल्या फिर्यादीवरून सर्वांना बोलावलेले होते. जबान्या झाल्यावर इतरांना बाहेर जाण्यास फर्माविले गेले आणि मुलीला आत थांबविण्यात आले. तेथे शिपायाने तिच्यावर बलात्कार केला, आणि हेडकॉन्स्टेबलनेही तिच्या अंगावर हात टाकला, अशी तिची तक्रार होती. तिचे नाव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. मी ते येथे लिहीत नाही. मुलगी सरावलेली आहे, तेव्हा तिची संमती होती, असे म्हणून सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. भयाने हतबल होणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. आणि अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा झाल्याचा पुरावा नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये त्यांना पुन्हा निर्दोष ठरविले. निवाडा कायद्याच्या अहवालांत छापला गेला आणि इतर शेकडो निवाड्यांप्रमाणे विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोहोचला.

तेथे तो चार शिक्षकांनी वाचला. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. त्या काळी सर्वोच्च न्यायालयाला विद्यापीठातील अध्यापकांनी असे उघड पत्र लिहिणे ही मोठीच धाडसाची गोष्ट होती, आणि ते लिहिताना त्यांनी शिक्षकाचे नेहमीचेच काम केले: निवाड्यातील युक्तिवाद एकेक पायरीने तपासला. संमतीत शरण जाणे येऊ शकते, पण शरण जाण्यात संमती असतेच असे नाही. रात्रीच्या वेळी दोन पोलिसांच्या ताब्यात असलेल्या, गरीब, अल्पवयीन, अशिक्षित मुलीने ओरडावे तरी कोणाला ऐकू जाण्यासाठी. आणि तिला ठाण्यात तशी थांबवून घेण्याबद्दल न्यायमूर्तींना निषेधाचा एक शब्दही का सुचला नाही, असा त्यांच्या पत्राचा रोख होता. न्यायालयाने प्रकरण पुन्हा उघडले नाही. पण पत्र हस्तेपरहस्ते फिरले, वर्गांत वाचले गेले, त्यातून मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला, आणि ८ मार्च १९८० रोजी मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली अशा अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला: पोलिसांच्या, तुरुंगाच्या किंवा इस्पितळाच्या ताब्यातील स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, खटला बंद दाराआड चालावा, आणि पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा मानावा. फिर्यादी स्त्री चारित्र्यहीन आहे असे दाखवून तिची साक्ष मोडून काढण्याची मुभा देणारे जुने कलम मात्र २००२ च्या दुरुस्तीपर्यंत पुराव्याच्या कायद्यात तसेच राहिले.

जिच्यामुळे हे घडले तिला त्या कायद्याचा उपयोग नव्हता. तो मागील तारखेपासून लागू होत नाही. आणि १९८३ च्या त्या यादीत आणखी एक नाव नव्हते, ते शिक्षकाचे. विद्यार्थिनीची प्रात्यक्षिकाची वही, अंतर्गत गुण, शिफारसपत्र, प्रबंधावरील सही ज्याच्या हाती आहे त्याचा अंमल ठाणेदाराहून कमी असतो असे कोणी म्हणू नये. परंतु गुरूचे स्थान आपल्या मनात इतके उंच आहे की त्याला या रांगेत बसविण्यास आणखी तीस वर्षे लागली. २०१३ च्या फौजदारी दुरुस्तीने नातेवाईक, पालक आणि विश्वासाच्या अथवा अधिकाराच्या स्थानी असलेली व्यक्ती यांच्या जोडीला ‘शिक्षक’ हा शब्द स्पष्टपणे घातला, आणि अशाने केलेला बलात्कार अधिक कठोर शिक्षेस पात्र ठरविला. ज्या वर्गाने पत्र लिहिले त्याच वर्गातील माणसे आरोपीच्या पिंजऱ्यातही उभी राहू शकतात, ही जाणीव या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे, आणि शिक्षकांनीच ती सर्वांत स्पष्टपणे बोलून दाखविली पाहिजे.

दरम्यान राजस्थानात भँवरीदेवी यांचे प्रकरण घडले होते. आपले नाव या बाईंनी स्वतः कधी लपविले नाही, चारचौघांत आणि सभांतून त्याच नावाने त्या बोलत आल्या, म्हणून ते येथे लिहिण्यास संकोच वाटत नाही. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्ती, म्हणून काम करताना बालविवाह थांबविण्याचा त्यांनी यत्न केला, त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले. काम करताना स्त्रीवर असे संकट आले तर जिच्यासाठी ती काम करते त्या संस्थेची जबाबदारी कोणती, हा प्रश्न घेऊन विशाखा व इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश वर्मा, मुंबईच्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती किरपाल यांनी प्रत्येक संस्थेत तक्रार समिती असावी, तिची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्या तरी सभासद स्त्रिया असाव्यात आणि बाहेरची एक जाणकार व्यक्ती तीत असावी, असे दंडक घालून दिले. आपल्याकडील महाविद्यालयांत अजूनही लोक ‘विशाखा समिती’ असेच म्हणतात. दंडक झाले, पण अंमल होईना. तेव्हा पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाला पत्र लिहिले, आणि त्या पत्राचीच याचिका होऊन ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्व राज्यांना आणि संस्थांना पुन्हा ताकीद मिळाली.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ साली जी समिती नेमली तीत विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असत. ती २०१७ मध्ये बरखास्त होऊन तिच्या जागी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या नियमांनुसारची समिती आली, आणि विद्यार्थ्यांच्या विश्वासाचे एक साधन गेले असे माझे मत आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर या आयोगाने जे कृतिदल नेमले त्याचा ‘सक्षम’ हा अहवाल २०१३ साली आला. मुलींना कोंडून आणि त्यांच्यावर पाळत ठेवून सुरक्षितता साधत नाही, हे त्याने स्वच्छ लिहिले, आणि फाटकाच्या शतकभराच्या शिरस्त्यावर अधिकृत कागदात बोट ठेवले गेले. त्यानंतरचे आयोगाचे २०१५ चे नियम राजपत्रात मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थिनींप्रमाणेच काही विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अत्याचाराचे बळी ठरतात याची दखल त्यांत आहे. मुलगे तर या गोष्टी बोलतच नाहीत, म्हणून ती दखल मोलाची. समितीवर दोन अध्यापक असावेत, तसेच दोन शिक्षकेतर कर्मचारी असावेत. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी असावेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता यांसारख्या अधिकाऱ्यांनी तीत बसू नये. शिक्षकेतरांच्या त्या दोन जागा मला फार महत्त्वाच्या वाटतात, कारण मुली खिडकीपलीकडच्या बाईशी जे बोलतात ते व्यासपीठावरच्या बाईशी बोलत नाहीत.

आता त्या खिडकीपाशी थोडे थांबू. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत उलटून गेलेली, मुलीचे नाव डिफॉल्टर यादीत लागलेले, आणि ती समोर उभी राहून काहीच बोलत नाही. ज्या कारकुनाने पुष्कळ वर्षे विद्यार्थी पाहिले आहेत त्याला इतके कळते की ही आळसाची गोष्ट नव्हे. त्याने तिला आत बोलावून खुर्ची द्यावी, दार लोटून घेतले तर तिला चालेल का हे विचारावे, सोबत मैत्रीण असेल तर तिला बसू द्यावे, आणि मग गप्प बसावे. ती बोलू लागली तर मधे तारखा विचारू नयेत. तारखा विचारण्याचे काम पुढे दुसऱ्या कोणाचे आहे, आणि अशा प्रसंगाची आठवण क्रमाने येत नाही हे कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाला ठाऊक असते. ‘तू तेथे का गेलीस’, ‘ओरडली का नाहीस’, ‘इतके दिवस का बोलली नाहीस’ हे देसाईगंजच्या निवाड्याच्याच जातीचे प्रश्न आहेत. ते खिडकीपाशी पुन्हा विचारले जाऊ नयेत. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझा दोष नाही’ एवढे म्हणावे, आणि ते मनापासून म्हणावे. तिच्या घरी परस्पर फोन करू नये. पुष्कळदा अत्याचार करणारा घरचाच असतो. आणि सहकाऱ्यांत, चहाच्या वेळी, नाव न घेतादेखील ही गोष्ट काढू नये, कारण महाविद्यालयात नाव न घेता सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत नावासह फिरते.

गुप्ततेची हमी देताना मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते, आणि आपल्याकडे तिचे विशेष कारण आहे. अकरावी-बारावीचे वर्ग वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत भरतात, आणि त्या मुली सोळासतरा वर्षांच्या असतात. अठरा वर्षांखालील मुलामुलींवरील लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला झाली त्याने ती पोलिसांना कळविलीच पाहिजे, असे २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा सांगतो. तेव्हा ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन आधी देऊन मग मोडण्यापेक्षा, आपण काय गुप्त ठेवू शकतो आणि काय ठेवू शकत नाही, हे ती सारे सांगण्यापूर्वीच तिला सांगणे हा खरा प्रामाणिकपणा. सज्ञान विद्यार्थिनीच्या बाबतीत पोलिसांत जावे की नाही हा निर्णय तिचा. आणि त्यासाठी वाट पाहत असता इस्पितळाचा रस्ता मोकळा असतो, हे तिला कळले पाहिजे. सरकारी असो की खासगी, कोणत्याही इस्पितळाने अशा रुग्णाला विनामूल्य उपचार दिलेच पाहिजेत, असे २०१३ पासून कायद्यातच आहे. आणि एचआयव्हीपासून बचावाचे औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, म्हणून ‘उद्या बघू’ हे वाक्य येथे उपयोगाचे नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा इस्पितळात ‘सेहत’ संस्था आणि महानगरपालिका यांनी २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, ते याच विचाराने की पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी स्त्री दवाखान्यात तरी येतेच.

पुढचे महिने हे बहुतेक वेळा अगदी रुक्ष कागदांचे असतात, आणि विद्यापीठाचा नोकर तेथे जितका उपयोगी पडतो तितका दुसरा कोणी पडू शकत नाही. जर्नलवर सही घ्यायची ती त्याच माणसाची असेल तर? तोंडी परीक्षेला समोर तोच बसणार असेल तर? नियमांत यांवर उत्तरे आहेत: चौकशी चालू असता प्रतिवादीने तिच्या कामाचे मूल्यमापन करू नये, त्याची किंवा तिची दुसरीकडे बदली व्हावी, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळावी आणि तिच्या हक्कांना बाध येऊ नये. पण ही सवलत आहे हे मुलीला ठाऊक नसते, विभागप्रमुखाला आठवत नसते, आणि परीक्षा विभागाला कोणी कळविलेले नसते. तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर स्वतः नेणारा, दुसरा परीक्षक नेमला गेला की नाही हे पाहणारा, टर्म वाया जाऊ नये म्हणून हजेरीचा प्रश्न कारण न सांगता सोडवून घेणारा एक मनुष्य असला तर मुलगी शिक्षणात टिकते. नसला तर ती न सांगता गावी निघून जाते, आणि दप्तरी तिची नोंद ‘प्रवेश रद्द’ एवढीच होते.

नियमांतील एका मुदतीबद्दल मात्र मला तीव्र असमाधान आहे. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी, आणि समितीला पटले तर आणखी तीन महिने मिळावेत, असे ते म्हणतात. ज्या संशोधक विद्यार्थिनीचा प्रबंध पाचसहा वर्षे मार्गदर्शकाच्या सहीवर अडकलेला असतो तिला सहा महिने म्हणजे काहीच नव्हे. पदवी हाती पडेपर्यंत ती बोलू शकत नाही आणि पडल्यावर समिती मुदत संपली म्हणते. ही मुदत बदलली पाहिजे. तोपर्यंत ज्याच्यापाशी ती बोलेल त्याने ती मुदत तिला पहिल्याच भेटीत सांगावी, दडपण न आणता, म्हणजे निर्णय तिचाच राहील आणि दिवस हातचे जाणार नाहीत.

आणि ती तक्रार लिहू इच्छित असेल तर लिहिण्यास साहाय्य करणे हे समितीच्या सभासदांचे कर्तव्यच आहे, असे त्याच नियमांत नमूद आहे. या तरतुदीचा उपयोग व्हावा तितका होत नाही. मेळघाटातून किंवा नंदुरबारहून आलेल्या मुलीच्या हाती इंग्रजी छापील नमुना देऊन ‘भरून आण’ म्हणणे हे साहाय्य नव्हे. तिला मराठीत सांगू द्यावे, तिच्या घरच्या बोलीत सांगू द्यावे. ती ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत ते उतरवून घ्यावे, तिने वापरलेला शब्द आपल्याला संकोचाचा वाटला म्हणून त्या जागी सभ्य शब्द घालू नये, कारण पुढे चौकशीत त्या बदलाचाच खुलासा तिच्याकडे मागितला जातो. लिहिलेले वाचून दाखवावे आणि ती सांगेल ती दुरुस्ती करावी. तक्रार दाखल झाल्यावर तिची एक प्रत सात दिवसांत प्रतिवादीकडे जाते, हे सही घेण्यापूर्वी तिला स्पष्ट सांगावे, त्या आठवड्यात ती कोठे राहणार आणि सोबत कोण असणार हे तिच्याबरोबर बसून ठरवावे, पोच म्हणून तारीख घातलेली एक प्रत तिच्या हाती द्यावी, आणि मगच तो कागद रुजू करून घ्यावा.